आधी घाबरून घेणाऱ्या बाई

रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयात कपाट उघडण्याआधी दारावर टकटक करायची पद्धत होती. नव्या वाचकाला वाटायचं, आत कोणी बसलंय की काय. ही पद्धत बाईंनी पाडली. मी नोकरीला लागण्याच्या बऱ्याच आधी कधीतरी चरित्रांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, त्यांना फुरसं दिसलं होतं. फुरसं म्हणजे हातभरही नसलेला, कातळाच्या रंगाचा साप. मोठ्या सापापेक्षा आमच्याकडे माणसं त्याला जास्त भितात, कारण ते पायाखाली येईपर्यंत दिसतच नाही. त्या दिवसापासून बाई आधी टकटक करायच्या, मग "येतेय हं," असं हळूच म्हणायच्या आणि मग दार उघडायच्या. पुढे ती सवय आम्हालाही लागली. मी अजून घरी धान्याच्या कपाटावर टकटक करते, आणि माझी सून माझ्याकडे बघते.

बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. पन्नाशीच्या, सडपातळ, एकट्याच राहायच्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही फुरशासाठीच. हातात बारा महिने छत्री. पावसाळ्यात पावसासाठी आणि एरवी माडांसाठी. नारळ डोक्यात पडून माणूस जातो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं झालं तरी त्या छत्री उघडूनच चालायच्या. आमचा क्लार्क नाचणकर एकदा म्हणाला, "बाई, छत्रीनं नारळ अडतो काय?"

"अडत नाही रे," बाई म्हणाल्या, "पण आवाज होतो. सरकायला जरा वेळ मिळतो."

त्या भित्र्या होत्या, आणि ते लपवायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंखा गरगरला की त्याच्याकडे बघायच्या. पाल चुकचुकली की बघायच्या. अध्यक्षांचा फोन आला की उभ्या राहून बोलायच्या. पण एक सांगते, त्यांच्या भीतीनं कुठलंच काम अडल्याचं मला आठवत नाही. काही नवीन, अवघड समोर आलं की त्या खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या. "थांब गो. आधी घाबरून घेऊ दे. मग लागू कामाला." खरंच तसं करायच्या. काही वेळानं डोळे उघडून म्हणायच्या, "हं. झालं. काय करायचं सांग."

नव्या शतकाची सुरवातीची वर्षं होती. मुंबईत स्थायिक झालेल्या एका जुन्या वाचकानं वाचनालयाला कॉम्प्युटर भेट दिला. समितीनं उत्साहात इंटरनेटही घेतलं. टेलिफोनच्या वायरीतून ते यायचं, आणि लागताना असं किंचाळायचं की वाचनकक्षातले म्हातारे पेपर खाली करून बघायचे. ते चालू असताना वाचनालयाचा फोन बंद. बाईंना त्याचाच घोर. "नेमका ह्याच वेळेला कोणाचा तातडीचा फोन आला तर?"

कॉम्प्युटर क्लासमधला एक मुलगा शिकवायला आला. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरमध्ये भरायची असं ठरलं होतं. बाईंनी विचारलं, "वीज गेली की पुस्तकं कुठे जातात?"

"पुस्तकं कपाटातच असतात मॅडम. नुसती यादी आत असते."

"यादीतून गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा," बाई म्हणाल्या. जुनी कार्डं त्यांनी फेकू दिली नाहीत.

विजेची त्यांची भीती तर आम्हाला चेष्टेचा विषय झाली होती. समुद्रावर ढग दिसला की त्या फोनची वायर भिंतीतून उपटायच्या. एकदा ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या समितीच्या सभेला गेल्या असताना नाचणकरनं वायर तशीच राहू दिली. तो क्रिकेटचा स्कोअर बघत होता. कुठे तरी मिऱ्याच्या डोंगराच्या बाजूला कडाडलं आणि आमच्या टेबलावरच्या मोडेममधून धूर निघाला. नाचणकर खुर्चीसकट मागे पडला. बाई परत आल्या, जळका वास घेतला आणि रागवल्या नाहीत. नाचणकरचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, बोटं मोजल्यासारखी. त्या दिवसापासून आकाश काळवंडलं की तोच आधी धावायचा.

नवीन मोडेम आला आणि आम्ही परत त्या यंत्राला चिकटलो. काम असायचंच, नवी पुस्तकं कोणती आली ते बघायचं, दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला ई-मेल करायची. पण दुपारी वाचक पांगले की मजाही असायची. नाचणकर पत्ते खेळायचा. मी पुण्याच्या बहिणीशी मेसेंजरवर बोलायचे, किंवा बर्फाच्या डोंगरांचे फोटो उघडायचे. फोटो वरून खाली ओळीओळीनं उतरायचा. आधी आभाळ, मग शिखर, मग झाडं, आणि मग लाइन तुटायची. डोंगराच्या पायथ्याशी काय होतं ते मला कधी दिसलंच नाही.

बाई हे सगळं मागे उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ह्यात माणसं असतात म्हणता, ती कुठे असतात?"

नाचणकरनं त्यांना चॅट रूम उघडून दिली. बाईंनी घाबरून घेतलं, आणि मग एकेक अक्षर शोधत शुद्ध इंग्रजीत लिहिलं की नमस्कार, मी रत्नागिरी येथे ग्रंथपाल आहे, आपण सर्व कोण व कोठले? वर नुसती अक्षरं धावत होती. कोणी लक्ष दिलं नाही. मग एकानं विचारलं, वय काय? आणि लगेच, आत्ता अंगावर काय आहे?

बाईंनी ते वाचलं. उठल्या, खिडकी लावून घेतली, दारापर्यंत जाऊन बाहेर बघून आल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अगो, मी काय नेसलेय ते ह्याला कशाला हवंय? ह्याला इथलं दिसतं काय?"

दिसत नाही म्हणून आम्ही परोपरीनं सांगितलं. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून काम नसेल तेव्हा कॉम्प्युटरच्या तोंडावर भरतकामाचा टेबलक्लॉथ पडू लागला, आणि बाईंनी त्या चॅट रूमचं नाव काढलं नाही.

शेवंतीकाकी आमच्याकडे यायला लागली ती त्याच सुमारास. ती जयगडची. नवरा मासेमारीला जायचा, तो आजारात गेला. एकुलता मुलगा मंगेश मालवाहू बोटीवर खलाशी होता. परदेशातल्या बंदरात उतरला की तो सायबर कॅफेत जाऊन आमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर ई-मेल करायचा, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून. काकी आठवड्याच्या बाजाराला एसटीनं रत्नागिरीला आली की टोपली बाहेर ठेवून आत यायची आणि बाईंच्या समोर स्टुलावर बसायची. "आलाय काय बाई काय माझ्या पोराचा?"

बाई मेल आधी मनात वाचायच्या आणि मग मोठ्यानं. त्या मनात वाचत असताना काकी पडद्याकडे बघायची नाही, बाईंच्या तोंडाकडे बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी उठून कपाटांकडे जायचे. बाई एकदा मला म्हणाल्या, "पोस्टमनचं बरं असतं गो. पत्र हातात देतो नि सायकलवर बसून जातो. मला जाता येत नाही."

मेलमध्ये तसं काही नसायचंच. जेवण बरं आहे, इथे उकाडा फार आहे, घराचं छप्पर शाकारून घे. काकी ते दोनदा ऐकायची आणि हसत जायची.

मग एकदा मेल आली तेव्हा काकी समोर स्टुलावर होती आणि मी बाईंच्या बाजूलाच होते. मंगेशनं लिहिलं होतं की बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडलीय. मालक फोन उचलत नाही. कॅप्टन किनाऱ्यावर गेला तो परत आलेला नाही. एजंटच्या लाँचमधून मी कसाबसा उतरलोय, पण कागद नाहीत म्हणून परत बोटीवरच जावं लागणार. डिझेल संपत आलंय, पाणी मोजून पितो. शेवटी लिहिलं होतं, आईला सांगू नका.

बाईंनी मनात वाचून संपवलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरवात केली, "प्रिय आईस, मी इकडे खुशाल..."

"बाई," काकी म्हणाली. "हात कापताहत तुमचे."

बाई थांबल्या. टेबलाखाली हात नेले.

"काय झाला ता सांगा. जिवंत हाय ना?"

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. तो सांगू नका म्हणाला होता तेही. काकी रडली नाही. पदर तोंडाशी धरून बसून राहिली. जाताना बाहेरची टोपली विसरली. नाचणकर ती घेऊन स्टँडवर धावला.

त्यानंतर मंगेशची मेल आली नाही.

मेल आली त्या दिवशी बाईंनी बराच वेळ घाबरून घेतलं. मग डोळे उघडून खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली. "चला," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं ह्याच्यात रोज काय काय खेळता ते सगळं मला शिकवा."

आणि आम्ही शोधायला लागलो. कसं शोधतात ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. बोटीला एका फुलाचं नाव होतं, त्यामुळे सर्चमध्ये आधी बागाच निघाल्या. नाचणकरनं नावापुढे बंदराचं नाव, बोटीचा झेंडा असं जोडत जोडत वाट काढली. खलाशांच्या बायका जिथे एकमेकींना लिहितात असा इंटरनेटवरचा एक फलक मला सापडला. तिथलं मी एकेक वाचत गेले. मालकानं टाकून दिलेल्या बोटी जगात पुष्कळ होत्या. काहींवरची माणसं सुटली होती. काहींच्या बायकांनी पुढे लिहिणंच बंद केलं होतं, आणि ते का, हे कळायला काही मार्ग नव्हता. बाई तेही वाचायच्या, चष्मा पुसून पुन्हा वाचायच्या. बंदराच्या कचेरीला, सरकारी खात्यांना, जिथे जिथे पत्ता मिळेल तिथे त्यांनी मेल पाठवली. कुठूनही उत्तर आलं नाही. काकी आता बाजार नसला तरी यायची. स्टुलावर बसायची, बाईंच्या तोंडाकडे बघायची, आणि शेवटच्या एसटीनं जायची.

मग एके दुपारी बाईंनी टेबलक्लॉथ बाजूला केला आणि म्हणाल्या, "नाचणकर, ती माणसांची खोली उघड."

"बाई, नको. तिथे कसली माणसं असतात तुम्ही बघितलंयत."

"त्या गावात राहणारी माणसं हवीत मला. ती आणखी कुठे भेटतील?"

त्या बंदराच्या शहराच्या नावाची एक चॅट रूम निघाली. बाईंनी पुन्हा तेच लिहिलं की नमस्कार, मी रत्नागिरी येथे ग्रंथपाल आहे. खाली बोटीचं नाव, मंगेशचं नाव, त्याची आई इथे माझ्यासमोर बसली आहे. लोक हसले. एकानं घाण लिहिलं, मी ते वाचून तोंड फिरवलं. बाईंच्या कपाळावर घाम होता, पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं. पण त्या उठल्या नाहीत. तोच मजकूर परत पाठवला. परत पाठवला. आजूबाजूला बघायच्या, खिडकी लावलीय ना बघायच्या, नि पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी तेच, आणि तिसऱ्याही.

अखेर एका बाईनं उत्तर दिलं. ती केरळची नर्स होती, त्या शहरातल्या दवाखान्यात. तिचा नवरा बंदरात क्रेन चालवायचा. ती म्हणाली, विचारून सांगते, आणि आमचा ई-मेलचा पत्ता मागून घेतला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नवऱ्यानं बघितलं. बोट जिथे नांगरलेली असायची तिथे आता ती नाही.

नाचणकर म्हणाला, "काकीला आज नको सांगायला. नक्की कळेपर्यंत तरी."

"ती येईल आणि माझ्याकडे बघेल," बाई म्हणाल्या. "माझं तोंड सांगेलच. त्यापेक्षा मीच सांगते."

त्यांनी सांगितलं. काकी ऐकत होती. "नाय दिसली," ती म्हणाली. "बुडाली असा कोणी बोलला काय?"

"नाही."

"मग मी हितंच बसते."

ती बसली. शेवटची एसटी गेली तरी बसली. बाई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. सकाळी मी वाचनालय उघडत होते तर दोघी रस्त्यानं येताना दिसल्या, माडांच्या रांगेखालून, एकमेकींचा हात धरून. बाईंच्या हातात छत्री नव्हती. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुपारी मेल आली. नर्सची. बाईंनी नाव बघितलं आणि खुर्ची मागे सारली. "तू वाच गो," त्या मला म्हणाल्या. "माझ्यानं नाही होत."

"नाय," काकी म्हणाली. "बाईंनीच वाचायचा. मला त्यांचा तोंड कळता."

बाई परत पुढे सरकल्या. त्यांना डोळे मिटायला वेळ नव्हता. त्यांनी मेल उघडली आणि वाचू लागल्या, आणि काकी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मी काकीकडे. काकीचं तोंड आधी सैल पडलं, मग तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मोठ्यानं गळा काढला. बाईंनी अजून एक शब्द उच्चारला नव्हता.

वाऱ्यानं नांगर ओढला गेला होता. बोट किनारपट्टीनं बरीच खाली जाऊन उथळ पाण्यात रुतली होती. नर्सच्या नवऱ्यानं ओळखीच्या एका कोळ्याला पाठवलं. त्यानं पाण्याचे कॅन आणि तांदूळ नेले. वर माणसं होती, सगळी होती. त्यानं बोटीवरून एक चिठ्ठी आणली होती, तीत सगळ्यांची नावं होती, आणि मंगेशचंही होतं. पुढे मात्र दिवस फार गेले. नर्सनं तिथल्या वर्तमानपत्रात कोणाला तरी गाठलं, बोटीचा फोटो छापून आला, आणि मग ज्या कचेऱ्या गप्प होत्या त्या बोलायला लागल्या. मंगेश घरी आला तेव्हा आंब्याला मोहर आला होता.

तो आईबरोबर वाचनालयात आला. शर्ट अंगावर लोंबत होता. बाईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं फुलपात्र दोन्ही हातांत धरलं, थोडं प्यायला, आणि उरलेलं झाकून ठेवायला काही शोधू लागला. बाईंनी ते बघितलं. "पी रे," म्हणाल्या, "आहे अजून." मग त्या उठून मागे कपाटांमध्ये गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. त्या आठवड्यात त्यांना सणकून ताप भरला. मी बघायला गेले तर म्हणाल्या, "काही नाही गो. तेव्हा घाबरायचं राहून गेलं होतं, ते आता येतंय बाहेर."

मग जयगडची, अंजनवेलची, कुठकुठली मुलं यायला लागली. मुंबईच्या एजंटनं बोटीचं नाव सांगितलं की सही करण्याआधी ती बाईंकडे यायची. "बाई, हिचा काय सापडता काय बघा ना." बाई तासन्‌तास शोधायच्या. मालक कोण, आधी कोण होता, नाव बदललंय का, कुठल्या बंदरात अडकली होती का. काही सापडलं की स्पष्ट सांगायच्या, "जाऊ नको." काहींनी ऐकलं. एकानं ऐकलं नाही आणि तो सुखरूप परत आला, बाईंसाठी आखातातले खजूर घेऊन. त्यांनी ते आनंदानं खाल्ले, एकेक मात्र आधी फोडून बघितला.

बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी झोपेतच गेल्या. मंगेश पुष्कळ वर्षं बोटींवर राहिला. आता तो जयगडलाच असतो, काकीही आहे, थकली आहे. मला त्या सगळ्यांत आठवतो तो मंगेश पुन्हा बोटीवर जायला निघाला तो दिवस.

घरी राहून वर्ष होत आलं होतं. काकीनं त्याला विरोध केला नव्हता, नुसतं म्हणाली होती, बाईंना विचार. मला वाटतं, बाई नाही म्हणतील अशीच तिची खात्री होती. आख्ख्या रत्नागिरीत त्यांच्याइतकं भिणारं दुसरं कोण होतं? दोघं समोर बसली. बाईंनी बोटीचं नाव विचारलं आणि शोधायला लागल्या. मालक बघितला, झेंडा बघितला, खलाशांच्या बायकांचा फलक पहिल्यापासून वाचला. वाचक येऊन पुस्तकं बदलून गेले. काकी बाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला तिथे काही मिळत नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "वाईट काही सापडत नाही."

"म्हंजी चांगली हाय?" काकीनं विचारलं.

"म्हणजे सापडत नाही," बाई म्हणाल्या.

काकी उठली, पदर खोचला. "चल रे," मंगेशला म्हणाली. "तुझा बापूस रोज जायचा, त्याच्या होडीचा तरी कुठं काय लिवलेला होता."

दोघं गेली. पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत बाई खिडकीतून बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या टेबलक्लॉथ टाकतील. पण त्या परत खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, आणि बोटीचं नाव पहिल्या अक्षरापासून पुन्हा टाइप करू लागल्या.